मैफिलीची रेकॉर्ड घेताना आधी तंबोरा ऐका

प्रश्न : दारव्ह्याच्या आमच्या जुन्या घरात आजोबांनी जमवलेल्या एल.पी. रेकॉर्डचा पेटारा निघाला. ख्याल, सतार, सनई, नाट्यसंगीत असं बरंच काही आहे. काही कव्हरांवर ‘लाइव्ह’ असं छापलंय. यंदा टर्नटेबल घेतलं. एक रेकॉर्ड लावली की गवई समोर बसल्यासारखा वाटतो, दुसरी नुसती कडकडते, आणि तिसरीत गाणाऱ्याचा सूरच हलतो. नागपूरचे जुन्या रेकॉर्ड विकणारे प्रत्येक रेकॉर्डला ‘ओरिजनल प्रेस, एकदम कडक’ म्हणतात. मैफिलीचं रेकॉर्डिंग चांगलं झालंय की नाही आणि तबकडी चांगली निघालीय की नाही, हे आमच्यासारख्यांनी वेगवेगळं कसं ओळखायचं?
– एक वाचक, दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : तुमच्या प्रश्नातला ‘वेगवेगळं’ हा शब्द महत्त्वाचा. रेकॉर्ड वाईट वाजली की आपण सगळा दोष एकाच ठिकाणी ढकलतो. खरं तर त्यात चार वेगळे हात असतात. मैफिलीत माइक लावणारा, टेपवरून खाच कोरणारा, कारखान्यात तबकडी दाबणारा आणि ती घरी वर्षानुवर्षं वाजवणारा. यातल्या कोणी घोटाळा केला ते कानाने ओळखता येतं. त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही. आपल्या संगीतात एक परीक्षक आधीच बसलेला असतो, तो म्हणजे तंबोरा. पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या रेकॉर्डमध्ये सतत एकाच स्वरावर राहणारं असं काही नसतं. आपल्याकडे ख्यालाच्या पहिल्या क्षणापासून शेवटच्या तानेपर्यंत षड्ज वाजतच असतो. तो हलला, फाटला, तुटला किंवा दबला, तर का, हे शोधायचं.

आधी तबकडी कशी बनते ते थोडक्यात. टेपवरचा आवाज लाखेसारख्या लेपाच्या चकतीवर कोरतात. तिच्यावर धातूचा थर चढवून उलटा साचा काढतात, त्यावरून ‘मदर’ आणि मदरवरून ‘स्टॅम्पर’. दोन स्टॅम्परांमध्ये गरम व्हिनाइलचा गोळा दाबला की एल.पी. तयार. स्टॅम्पर झिजत जातो, त्यामुळे नव्या स्टॅम्परची तबकडी आणि थकलेल्या स्टॅम्परची तबकडी यांत फरक पडतो, मग दोन्हींचं कव्हर एकसारखं का असेना. ‘ओरिजनल प्रेस’ या शब्दांवर म्हणूनच विसंबू नका. पहिल्या आवृत्तीचीही शेवटची तबकडी असतेच.

लेबल आणि शेवटची खाच यांच्यामध्ये जो गुळगुळीत पट्टा असतो, त्यावर उजेड तिरपा पाडून पाहा. तिथे कोरलेला किंवा ठोकलेला क्रमांक दिसेल, तो मॅट्रिक्स क्रमांक. ब्रिटनच्या ई.एम.आय. कंपनीच्या तबकड्यांवर याच पट्ट्यात स्टॅम्परचा क्रमांक अक्षरांत असे. ‘ग्रामोफोन लिमिटेड’चं इंग्रजी आद्याक्षरी रूप घेऊन जी म्हणजे १, आर म्हणजे २, ए म्हणजे ३, असं करत शेवटचं डी म्हणजे शून्य. आपल्या एच.एम.व्ही.च्या दमदम कारखान्यातल्या प्रत्येक तबकडीवर ही खूण सापडेलच असं नाही. पण एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती हातात आल्या, तर त्या एकाच कोरणीच्या आहेत का, हे या क्रमांकावरून पडताळता येतं.

प्रश्न : दुकानात पाच मिनिटं वाजवून बघायला मिळाली, तर नेमकं काय ऐकावं?

उत्तर : तीन ठिकाणं ऐका.

पहिलं ठिकाण, गाणं सुरू होण्याआधीची रिकामी खाच. तिथे टेप अजून सुरू झालेली नसते, त्यामुळे जे काही ऐकू येतं ते तबकडीचं आणि सुईचं. मग गाण्याआधी एक हलकी ‘सूं’ वर येते, ती टेपची. ही ‘सूं’ एकसारखी राहते आणि बाजू संपताना गाण्याबरोबर विझते. १९६०-७०च्या दशकातल्या मैफिलीच्या टेपमध्ये ती असणारच, तिला दोष मानू नका. रिकाम्या खाचेतच खरखर असेल, तर मात्र ती तबकडीची.

दुसरं ठिकाण तंबोऱ्याचं. आलापाच्या आधी एखादं मिनिट फक्त तंबोरा वाजतो, तिथे गायकाकडे लक्षच देऊ नका. जवारी, म्हणजे तारांची ती झणकार, मोकळी ऐकू येते की नुसता घूं होतो? स्टिरिओ रेकॉर्ड असेल आणि दोन तंबोरे असतील, तर डाव्या-उजव्या बाजूला वेगळे कळतात का? षड्ज स्थिर आहे की हेलकावतोय?

तिसरं ठिकाण, बाजूची शेवटची तीन मिनिटं. इथे रेकॉर्डचं खरं वय कळतं. एल.पी. मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५० सेंटीमीटर खाच सरकते, तर लेबलजवळ जेमतेम २० सेंटीमीटर. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला असतो. त्यात ख्यालाची रचनाच अशी की बाहेरच्या ऐसपैस खाचेत शांत विलंबित येतं, आणि जिथे जागा सगळ्यात कमी, तिथे द्रुत, तराणा, तबल्याची झुंज आणि टाळ्या. जड हाताच्या प्लेअरवर वाजलेली रेकॉर्ड नेमकी याच जागी मरते. तानेतला ‘आ’कार फाटल्यासारखा आला, ‘स’ आणि ‘श’ थुंकल्यासारखे आले, तर खाच झिजलेली आहे. ती कितीही धुतली तरी परत येत नाही.

प्रश्न : सूर हलतो तो का? गवयाचा दोष, टेपचा की तबकडीचा?

उत्तर : घड्याळ काढा. एल.पी.चा एक फेरा १.८ सेकंदांचा. सूर दर १.८ सेकंदांनी नियमाने वर-खाली होत असेल, तर दोष तबकडीतच आहे. टर्नटेबलचा हात खाचेवर चालताना बाजूने पाहा. तो डावी-उजवीकडे झुलत असेल, तर भोक मध्यावर पडलेलं नाही. वर-खाली होत असेल, तर तबकडी वाकलेली आहे. लेबल मध्यावर आहे की नाही यावरून हे ठरवू नका. खाचेची गुंडाळी आणि भोक यांचा मेळ असायला हवा.

भोक १ मिलिमीटरनं सरकलेलं असलं, तरी आतल्या खाचांवर षड्ज दोन्ही बाजूंना अर्ध्या स्वराच्या पाव हिश्श्याहून थोडा जास्त हलतो. आपल्याकडे श्रुतीचा हिशेब याहूनही लहान असतो. वाद्यवृंदाच्या गर्दीत हे खपून जाईल, तंबोऱ्यापुढे नाही. म्हणूनच चित्रपटगीताच्या रेकॉर्डला चालेल ते दाबणं ख्यालाला चालत नाही.

हलण्याला नेम नसेल, तर टर्नटेबलचा पट्टा सैल आहे का ते बघा. सगळी रेकॉर्डच अर्धा-पाव स्वर वर किंवा खाली जात असेल, तर वेग चुकलाय. ५० हर्ट्झच्या विजेसाठी १८० रेघांचा स्ट्रोब कागद मिळतो. तो तबकडीवर ठेवून निऑन दिव्याखाली पाहिला, तर वेग बरोबर असताना रेघा स्थिर दिसतात. एल.ई.डी.खाली याचा भरवसा नाही. या सगळ्यातून पार पडूनही सूर हलत असेल, तर दोष मूळ टेपचा.

प्रश्न : ‘टक् टक्’, ‘कडकड’, ‘घूं’... यातलं काय धुऊन जाईल?

उत्तर : दर १.८ सेकंदांनी येणारा ‘टक्’ म्हणजे ओरखडा. तो राहणार. कुठेही, कसाही येणारा बारीक कडकडाट म्हणजे धूळ किंवा स्थिर वीज. आपल्याकडच्या कोरड्या हिवाळ्यात ती फार साठते. जिनिंगच्या आसपास घर असेल, तर कापसाचा तंतू सुईला गुंडाळलाय का, हेही तपासा. एका बाजूच्या स्पीकरमधून काही सेकंद कापड फाडल्यासारखा आवाज येऊन थांबतो, आणि तेवढाच, त्याच जागी, धुतल्यावरही येतो, तेव्हा समजावं की दाबताना व्हिनाइल खाचेत पूर्ण भरलंच नव्हतं. हा निखळ कारखान्याचा दोष.

‘घूं’ येत असेल, तर सुई उचला. तरीही आवाज राहिला, तर तुमच्या टर्नटेबलची अर्थची तार नीट लागलेली नाही. सुई उचलल्यावर थांबला आणि तबकडीच्या एकाच भागात येत असेल, तर मैफिलीतल्या ध्वनिक्षेपकाचा तो मूळचा घूं आहे. त्याचं काही करू नका, तो त्या रात्रीचा भाग आहे.

सगळ्याच रेकॉर्ड पातळ, किनऱ्या वाजत असतील, तर टर्नटेबल फोनो जोडणीत लावलंय की साध्या ऑक्समध्ये, ते बघा. कोरताना खालचे स्वर मुद्दाम कमी करतात आणि वाजवताना फोनो प्रीअँप ते परत भरतो. १९५४पासून जगभर हेच प्रमाण रूढ होत गेलं. हा टप्पा गाळला, तर डग्ग्याचा घुमारा ऐकूच येणार नाही आणि तुम्ही बिचाऱ्या तबलजीला दोष द्याल.

प्रश्न : ‘लाइव्ह’ लिहिलेली रेकॉर्ड खरंच लाइव्ह आहे, हे कसं कळावं?

उत्तर : टाळ्यांवर जाऊ नका, त्या मागाहून चिकटवता येतात. आपल्या मैफिलीतला श्रोता टाळ्यांसाठी थांबत नाही. सम आली की ‘वा’ निघते, एखाद्या जागेवर ‘क्या बात है’ येतं, आणि त्याचा परिणाम गवयाच्या पुढच्या तानेत ऐकू येतो. श्रोता आणि गवई यांच्यात ही देवाणघेवाण आहे का, ते ऐका. दुसरी खूण जागेची. आवाज थांबल्यावर तो सभागृहात विरतो की एकदम कापल्यासारखा बंद होतो? तिसरी खूण पुन्हा तंबोऱ्याची. टेप कापून जोडली असेल, तर गवई आणि तबला सांभाळून घेतात, पण तंबोऱ्याची लय किंवा गाज त्या क्षणी किंचित उडी मारते.

खरी लाइव्ह रेकॉर्ड बहुधा जरा अव्यवस्थित असते. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशासाठी झालेल्या कार्यक्रमाचा तीन एल.पी.चा संच आठवा. रविशंकर आणि अली अकबर खाँ यांनी वाद्यं जुळवली, आणि वादन झालं असं समजून श्रोत्यांनी टाळ्या दिल्या. ते जुळवणं आणि त्या टाळ्या रेकॉर्डवर तशाच आहेत. त्याच दोघांची ८ ऑक्टोबर १९७२ची, न्यूयॉर्कच्याच फिलहार्मोनिक हॉलमधली मैफल पुढच्या वर्षी दोन एल.पी.वर आली. तिच्यात मांझ खमाज एका बाजूत मावला नाही, दोन बाजूंत विभागावा लागला. लांबलेला राग बाजू उलटताना तुटणं ही एल.पी.ची मर्यादा आहे, प्रेसचा दोष नाही. लता मंगेशकर यांच्या १९७४च्या रॉयल अल्बर्ट हॉलमधल्या कार्यक्रमाच्या रेकॉर्ड तुमच्या पेटाऱ्यात असतील, तर त्यांच्याकडून तंबोऱ्याची जवारी मागू नका. मोठा वाद्यवृंद आणि प्रचंड घुमटाचं सभागृह यांची कसोटी वेगळी. तिथे आवाज वाद्यांच्या पुढे स्वच्छ उभा राहतो का, एवढंच पाहायचं.

एक मजेची खूण सांगतो. एकदम शांततेनंतर गवयानं जोरात स्वर लावला, की त्याच्या १.८ सेकंद आधी तोच स्वर अगदी पुसट ऐकू येतो का, ते बघा. शेजारच्या खाचेचा ठसा या खाचेत उमटलेला असतो. अंतर बरोबर १.८ सेकंद असेल, तर तो तबकडीचा गुण. अंतर वेगळं असेल, तर टेपच्या रिळातल्या एका वेढ्याचा ठसा दुसऱ्यावर पडलाय.

प्रश्न : पेटाऱ्यात काही जड, जुन्या ७८च्या तबकड्याही आहेत. त्यांनाही हेच नियम?

उत्तर : नाही, आणि इथे सावध राहा. ७८च्या तबकड्या लाखेच्या. एल.पी. पुसायला लोक पाण्यात स्पिरिट मिसळतात, ते लाखेला लावलंत तर तबकडीच विरघळेल. सुईही वेगळी. ७८ची खाच रुंद असते, तिला साधारण ७५ मायक्रॉनची सुई लागते. एल.पी.च्या १८-२५ मायक्रॉनच्या सुईनं ती तळाशी घसरत फिरते आणि भरमसाट खरखर येते. उलट जुन्या ग्रामोफोनची पोलादी सुई एल.पी.वर ठेवलीत, तर एका फेऱ्यात तिचा निकाल लागतो.

एका अर्थानं टेपच्या आधीच्या ७८च्या सगळ्याच तबकड्या ‘लाइव्ह’ आहेत. टेप येईपर्यंत कापाकापीची सोय नव्हती, गाणं एका दमात, साधारण तीन मिनिटांत बसवायचं. १९२५च्या आधी तर माइकही नव्हता. गायक भोंग्यात तोंड घालून गायचा आणि आवाजाच्या जोरावर सुई मेणात कोरायची. नोव्हेंबर १९०२मध्ये ग्रामोफोन कंपनीचे ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग यांनी कलकत्त्याला गायिका गौहर जान यांचं असंच ध्वनिमुद्रण केलं. त्या शेवटी स्वतःचं नाव इंग्रजीत सांगत. कारण तबकडी दाबायला जर्मनीतल्या हॅनोव्हरला जायची, आणि तिथल्या कारागिरांना गाणारी कोण हे कळायला हवं. १९०८मध्ये कलकत्त्यात सियालदहला आणि १९२८मध्ये दमदमला कारखाना निघाला. नाटकाच्या थिएटरात ‘वन्समोअर’ घेत रंगणारं बालगंधर्वांचं पद ७८वर आवरलेलं ऐकू येतं, ते या तीन मिनिटांच्या मर्यादेमुळे. अशा तबकडीला जवारीची कसोटी लावू नका. शब्द कळतात का, आणि स्वर फाटल्याशिवाय येतो का, एवढं बघा.

प्रश्न : आमच्या उन्हाळ्यात रेकॉर्ड टिकतील का?

उत्तर : काळजी घेतलीत तर टिकतील. व्हिनाइल साठ-सत्तर अंशांच्या आसपास मऊ पडतं. मे महिन्यात यवतमाळचा पारा ४५च्या घरात जातो. टिनाच्या शेडमध्ये किंवा उन्हात उभ्या गाडीत साठचा आकडा फार दूर नाही. नागपूरहून घेतलेली रेकॉर्ड डिकीत ठेवून दुपारी जेवायला थांबू नका. तबकड्या उभ्या ठेवा, एकीवर एक रचू नका. वाकलेली तबकडी उन्हात ठेवून किंवा इस्त्रीनं सरळ करण्याच्या फंदात पडू नका.

दुसरा शत्रू आपला कूलर. त्याचा ओलावा कव्हरांत शिरतो, कागद फुगतो आणि पावसाळ्यात बुरशी धरते. रेकॉर्डचं कपाट कूलरच्या झोतात नको. तबकडीची पारख करतानाही कूलर बंद करा. त्याच्या घरघरीत रिकामी खाचही स्वच्छ वाटते आणि तंबोराही गोड लागतो.

धुवायला बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर घ्या. त्यात भांड्यांच्या सौम्य साबणाचा एखादा थेंब, आणि मऊ मायक्रोफायबर कापड खाचेच्या दिशेनं गोल फिरवा. मग साध्या डिस्टिल्ड वॉटरनं पुन्हा पुसा. लेबल कोरडंच राहू द्या. सुईचा भार टर्नटेबलबरोबर आलेल्या कागदावर दिला असेल तेवढाच ठेवा. आजच्या बहुतेक सुयांना दीड-दोन ग्रॅम पुरतो. आजोबांचा जुना पोर्टेबल प्लेअर शोभेला ठेवा, चांगल्या एल.पी. त्यावर लावू नका.

प्रश्न : शेवटी, घ्यायची की नाही हे कसं ठरवावं?

उत्तर : वाजवायला मिळत नसेल, तर आधी भोकाभोवतीचं लेबल बघा. त्यावर स्पिंडलच्या टोकानं ओढलेल्या रेघांचं जाळं असेल, तर रेकॉर्ड भरपूर वाजलेली आहे. मग खिडकीच्या उजेडात तबकडी तिरपी धरा. काळी चकचकीत खाच ठीक, राखाडी पडलेली झिजलेली. नखाला लागणारा ओरखडा ऐकू येणारच. न लागणारा बारीक ओरखडा बहुतेकदा चालून जातो. तबकडी जड म्हणजे चांगली, हा समज सोडून द्या. १८० ग्रॅमचीही वाईट दाबलेली असते आणि १२० ग्रॅमचीही सुरेख वाजते. जुन्या एच.एम.व्ही.च्या शास्त्रीय संगीताच्या एल.पी.वर ‘ईएएलपी’ असेल तर ती मोनो, ‘ईएएसडी’ असेल तर स्टिरिओ. मोनो तबकडी वाजवताना अँपवर मोनो बटण असेल तर दाबा, निम्मी खरखर तिथेच कमी होते.

बाकी निवाडा असा. जे रेकॉर्डिंग पुन्हा सहज मिळेल, त्याची झिजलेली किंवा भोक सरकलेली प्रत घेऊ नका, विक्रेता कितीही ‘कडक’ म्हणो. ज्या मैफिलीची दुसरी प्रत नाही, ती खरखरत असली तरी घ्या, धुवा आणि पहिल्याच चांगल्या वाजवणीत तिची डिजिटल प्रत करून ठेवा. तुमच्या पेटाऱ्यातल्या प्रत्येक रेकॉर्डचा कंपनी क्रमांक आणि मॅट्रिक्स क्रमांक एका वहीत लिहून काढा. जुन्या तबकड्यांच्या संग्राहकांची ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था १९९०पासून मुंबईतून हेच काम करते. दुर्मिळ काही हाती लागलं, तर ते भंगारात किंवा विक्रेत्याच्या घाऊक भावात जाण्याआधी अशा जाणकारांना दाखवा.